कोपऱ्यातली तीन बोटं

मी कोपऱ्यातलं कपाट बोलतोय. बोलतोय कसला, अर्धवट उघडून कुरकुरतोय! का अर्धवट, ते ऐका.

ओहायोतल्या आमच्या गावात घरोघरी व्हर्जिलच्या हातची स्वयंपाकघरं. आधी लाकडी खोका, मग त्याच्या तोंडावर मेपलची चौकट, चौकटीत ड्रॉवर आणि दारं. नवख्या सुतारांना तो दरडावायचा, "कोपऱ्यात चौकटीची पट्टी तीन बोटं रुंद ठेवा रे, नाहीतर दोन्हीकडचे ड्रॉवर एकमेकांवर आपटतील!" गावाला अक्कल वाटणाऱ्या ह्या शहाण्याच्या घरी मात्र ओट्याखाली दारंच नाहीत. एकतीस वर्षं फुलाफुलांचा पडदा!

शेवटी त्याची बायको नॅडीन कडाडली. "थँक्सगिव्हिंगला नव्या ओट्यावर टर्की कापली गेली नाही, तर मी चालले डेटनला, बहिणीकडे. बस मग एकटा डब्यातला घेवडा खात. आणि एकदा तोंडाने म्हण, चुकलं."

"हं," व्हर्जिल म्हणाला. त्याच्या तोंडून 'चुकलं' निघालेलं गावात कुणीच ऐकलं नव्हतं.

म्हातारा गॅरेजात घुसला. माझी चौकट जुळवली, सरस लावून शिकंज्यात आवळली. हाडं कडकडली हो माझी! मग माझ्या पाठीवर त्याने पेन्सिलीने काहीतरी खरडलं, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने मला भिंतीशी नेऊन स्क्रूंनी पक्कं केलं. जमीन वाकडी, म्हणून पायाखाली पाचरी सारल्या.

सणाच्या सकाळी नॅडीनची बॅग दाराशी तयारच होती. तिने माझा ड्रॉवर ओढला. ठक्क! अर्ध्यातच शेजारच्या ड्रॉवरच्या मुठीवर आपटला. खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं.

"तीन बोटं कुठायत रे?"

व्हर्जिलचे कान लाल झाले. "तुझ्या आईचं लाटणं आडवं मावेल असा ड्रॉवर हवा होता ना तुला? जागा पुरेना. मग ती तीन बोटं त्यात घातली."

ते लांबलचक लाटणं एकतीस वर्षं बादलीत उभं होतं. नॅडीनने ते आडवं ठेवून पाहिलं. अगदी बरोबर मावलं. 

"बॅग वर नेऊन ठेव," ती म्हणाली. "आणि बहिणीला म्हणावं, तूच ये इकडे."

तेव्हापासून दर वसंतात तो करवत घेऊन येतो. "कपाट काढून पट्टी बदलतो गं."

"हात तर लाव! जगाला दाखवायला तुझी एवढी एकच चूक आहे माझ्याकडे."

आता माझी पंचाईत बघा. पाठीवर लिहिलंय, 'चुकलं माझं, नॅडीन.' तेही भिंतीकडे, सहा स्क्रूंमागे! मला सांगायचंय तिला, पण माझं तोंड अर्धंच उघडतं. तुम्ही कधी तिच्याकडे कॉफीला गेलात, तर हळूच सांगा, काढू दे गं त्याला एकदा कपाट. तो काय पट्टीसाठी येतो होय?