लिंबावरचे शिक्रे

सुमंत मुळे सर फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या घरामागच्या कडुनिंबावर शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या जोडीनं घरटं बांधलं. तिसगावच्या शाळेत सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निरोप समारंभाला लेकीनं पुण्याहून दुर्बीण पाठवली होती. आता सकाळी साडेसहालाच ते मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि ऊन अंगावर येईपर्यंत उठत नसत.

शिकार नर आणी. वाळक्या फांदीवर बसून तो बारीक आवाज देई. मग मादी येऊन त्याच्या पायातली शिकार घेई, पिसं उपटी आणि तुकडे करून तीन पिल्लांना भरवी. सर वहीत लिहीत : ६.५०, सरडा. ७.३५, उंदीर. त्यांच्या पत्नी अंबिकाताई चहाचा कप टेकवताना एकदा म्हणाल्या, "शाळेत कधी इतक्या वेळेवर गेला नाहीत."

कडुनिंब दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीला लागून होता. पलीकडे रंगुबाई राहत. शेत त्यांचा मुलगा हनुमंत बघे, कोंबड्या त्या बघत. त्यांच्या तांबड्या कोंबडीनं एप्रिलच्या शेवटी अकरा पिल्लं काढली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी नरानं आणलेली शिकार पिवळसर आणि मऊ होती. दुर्बिणीतून सरांना इवलीशी चोच आणि लोंबणारे पाय दिसले. ते काय आहे हे त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी लिहिलं : ७.१०, लहान पक्षी.

त्याच दुपारी रंगुबाई भिंतीपाशी आल्या.

"सर, दोन दिसांत तीन पिल्लं गेली. त्यो लिंबावरचा ससाना तर न्हाई ना नेत? तुमी तर समदं बघत बसता."

"तो शिक्रा आहे. सरडे, उंदीर खातो," सर म्हणाले. "मुंगूस असेल बघा. नाहीतर एखादं कुत्रं."

"तुमाला म्हायती. आमाला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून रंगुबाई गेल्या.

त्यांनी खुराड्याची सगळी भोकं दगड-मातीनं बुजवली. दिवसा मात्र कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात मोकळीच हिंडे. दिवसाआड एखादं पिल्लू कमी होत राहिलं. मुंगूस कुणाला दिसलं नाही, तेव्हा संशय समोरच्या कानिफनाथच्या कुत्र्यावर गेला. रस्त्यात भांडण झालं. ओट्यावर बसलेल्या सरांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. "मनानं न्हाई बोलत मी, मुळे सरांनी सांगितलंय," रंगुबाई म्हणत होत्या. दोन दिवसांनी ते कुत्रं अंगणात शिरलं, तेव्हा हनुमंतनं फावड्याच्या दांड्यानं त्याचा मागचा पाय मोडला.

"तुम्ही कुत्र्याचं नाव घेतलंत?" अंबिकाताईंनी विचारलं.

"असेल, असं म्हणालो."

"आणि आहे का?"

सरांनी दुर्बीण डोळ्याला लावली. शिक्र्याची पिल्लं आता घरट्याबाहेर फांदीवर आली होती. त्यांची छाती पट्ट्यांनी भरली होती, डोक्यावर मात्र अजून पांढरा कापूस होता. मादी येताच तिघं तिच्यावर तुटून पडत, पायातलं ओढून घेत आणि पंख पसरून ते एकमेकांपासून लपवत. एका पिल्लानं दुसऱ्याला फांदीवरून खाली ढकललं. ते खालच्या फांदीवर लोंबकळलं, पंख फडफडवून सावरलं. आई ते बघत बसली, हलली नाही. सरांनी हे सगळं लिहून काढलं.

कुत्रं लंगडं झालं तरी पिल्लं जातच राहिली. रंगुबाईंना आता गल्लीतलंच कुणी ती चोरतंय असं वाटू लागलं. ओळख पटावी म्हणून त्यांनी उरलेल्या पाच पिल्लांना होळीचा गुलाबी रंग लावला. चौथ्या दिवशी आपल्या अंगणात लिंबाखाली झाडताना त्यांना एक गुलाबी पंख सापडला. तो तळहातावर घेऊन त्या सरांच्या पुढच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो सरडा हाय का सर?"

सरांनी हातातली दुर्बीण दाराआड ठेवली.

"तुमाला ठावं हुतं. त्या नळीतनं रोज बघत हुता तुमी."

"रंगुबाई, आठ दिवस थांबा. पिल्लं उडायला लागली की शिक्रे इथून जातील."

"माजी चार राह्यल्यात." त्यांचा आवाज चढला नाही. "आधीच बोलला असता, तर डालग्याखाली झाकून ठिवली असती मी. त्याला काय लागतं? एक डालगं उलटं घालायचं. तुमच्या पाखराला बी कुनी हात लावला नसता."

हे सरांना सुचलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही घरटं पाडाल."

"आता पाडते," रंगुबाई म्हणाल्या.

तासाभरात हनुमंत कोयता घेऊन झाडावर चढला. सर धावत भिंतीपाशी गेले आणि वर बघून म्हणाले, "हनुमंत, पिल्लांना अजून नीट उडता येत नाही. आमच्याकडं जुनी जाळी आहे, मी आत्ता तुमच्या अंगणावर बांधून देतो."

"तुमचं काय बी नगं," खालून रंगुबाई म्हणाल्या. "तू तोड रं."

मादी एकदा झाडाला वळसा घालून आली आणि हनुमंतच्या डोक्यावर आदळली. त्याच्या कपाळावरून रक्त आलं. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यानं कोयता हवेत फिरवला, पण ती कोयत्याखालून आत शिरली आणि तिनं त्याचा कान ओरबाडला. हनुमंत शिव्या देत फांदीवर घाव घालू लागला. दोन पिल्लं वेडीवाकडी उडत रस्त्यापलीकडच्या चिंचेकडं गेली. तिसरं फांदीबरोबरच रंगुबाईंच्या अंगणात पडलं.

ते उठून उभं राहतंय तोच तांबडी कोंबडी त्याच्यावर गेली. मान फुगवून तिनं त्याच्या डोक्यावर टोचे मारले, पायांनी तुडवलं. पिल्लू उताणं होऊन नख्या वर करत होतं. आईची किंकाळी वरून येत होती, पण इतकी माणसं बघून ती खाली उतरेना.

"कोंबडीला बाजूला घ्या," सर म्हणाले.

"ती माजं ऐकत न्हाई."

सर भिंतीवरून पलीकडं उतरले. अठ्ठावन्न वर्षांच्या सरांनी कित्येक वर्षांत अशी भिंत ओलांडली नव्हती, गुडघा सोलवटला. कोंबडीनं त्यांच्या पोटरीला टोचलं. पिल्लू उचललं तेव्हा त्यानं अंगठ्यात नखी रुतवली आणि घर येईपर्यंत सोडली नाही. रंगुबाईंनी फाटक उघडून धरलं होतं.

"न्या. आन पुन्हा ह्या अंगनात पाय ठिवू नका."

सरांनी पिल्लू पुढच्या दारच्या शेवग्यावर ठेवलं. संध्याकाळी मादी तिथं आली, पिल्लाला भरवून गेली. तिसऱ्या दिवशी ते चिंचेपर्यंत उडालं. अंबिकाताईंनी सरांच्या अंगठ्याला हळद लावली, पण त्या तीन दिवसांत त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. रंगुबाईंनी भिंतीवर पत्रे उभे केले. उरलेली चार पिल्लं आता दिवसभर डालग्याखाली असत.

रविवारी सर कानिफनाथच्या दारात गेले. कुत्रं ओसरीवर पडलं होतं, पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिल्लं कोण नेत होतं हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तेही सांगितलं.

कानिफनाथ तंबाखू मळत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आमची पोरगी संस्कृती तुमच्याकडं सातवीत हुती. खोटं बोलली म्हनून तुमी तिला तासभर उन्हात उभी केल्ती."

"मला आठवत नाही."

"तिला आठवतंय."

सरांनी गुरांच्या डॉक्टरांचा विषय काढला, कुत्र्याला आपण नेऊन आणू म्हणाले. कानिफनाथनं नकारार्थी मान हलवली. "नगरला नेऊन आनलंय. हाड जुळत न्हाई म्हनले."

कुत्रं तीन पायांवर उठलं आणि सरांचा हात हुंगायला आलं. कानिफनाथनं त्याला गळपट्ट्याला धरून आत घेतलं आणि दार लावलं.