कॉम्प्युटरची बाधा

इंदापुरातल्या आप्पासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासपुढं चपलांचा ढीग पडला होता. भिगवणकडून आलेल्या महाराजांनी पडद्यावर अंगारा फुंकला, "विद्युत् स्वाहा! बटण जागृत!" म्हणत लिंबू उतरवलं आणि फर्मावलं, "दाबा!"

एरवी चहा पिऊन झाला तरी जागं न होणारं मशीन झटक्यात सुरू झालं. लोकांनी हात जोडले.

"यंत्रावर विधवेची सावली पडली व्हती," महाराज म्हणाले. "ती पुन्हा उंबऱ्यात नको."

सगळ्यांच्या नजरा प्रयागबाईकडं वळल्या. रोज सकाळी क्लास झाडायची ती. आप्पासाहेब मान खाली घालून म्हणाले, "बाई, उद्यापास्नं येऊ नका."

क्लासात शिकवणारी स्वरूपा मशीनशेजारीच उभी होती. खरं कारण तिला एकटीलाच ठाऊक होतं. पोरं खूश व्हावीत म्हणून तिनंच मशीनमध्ये खेळ, घड्याळं, हलती चित्रं भरली होती. मशीन सुरू होताना ती सगळी आपोआप उघडायची आणि जुन्या मशीनची तोकडी मेमरी धापा टाकायची. आदल्या संध्याकाळी तिनं ते आपोआप उघडणं गुपचूप बंद केलं होतं. आता बोलावं, तर नोकरी जायची.

प्रयागबाईनं झाडू भिंतीला टेकवला. पायरी उतरताना ती स्वरूपालाच म्हणाली, "पोरी, माझ्यापायी तुझ्या पोरांचं शिकणं खोळंबलं गं. राग धरू नगंस."

स्वरूपा दाराकडं धावली. "थांबा, मावशी!"

तिनं मशीनमधलं ते आपोआप उघडणं पुन्हा चालू केलं आणि मशीन बंद करून परत लावलं. ते कुरकुरत रेंगाळलं.

"बाधा परतली!" महाराज ओरडले.

"मग घालवा की!" स्वरूपा म्हणाली.

महाराजांनी घसा बसेस्तोवर मंत्र म्हटले. मशीन आपलं कुरकुरतच राहिलं. मग स्वरूपानं तो पसारा पुन्हा बंद केला, बटण दाबलं. मशीन पटकन सुरू झालं. महाराजांना एकाएकी भिगवणची एसटी आठवली.

"बाधा न्हाय, आप्पासाहेब. मीच केलेली चूक हाय," स्वरूपा म्हणाली. "मशीन मंद झालं, तर आत काय भरलंय ते बघा. दारात कोण उभं हाय, ते कशाला बघता? कुणावर आळ घेण्याआधी एकदा तपासून तरी बघा!"

आप्पासाहेब ओशाळले. "बाई, उद्या या."

प्रयागबाई मात्र स्वरूपाकडंच बघत होती. "तुला ठावं व्हतं, अन् तरी मला पायरी उतरू दिलीस?"

"व्हय, मावशी," स्वरूपा म्हणाली. भिंतीला टेकवलेला झाडू तिनं स्वतःच उचलला.