चार बोटांची फट

मित्रांनो, मला बोलायची फारशी सवय नाही. सांगताना चुकलो तर सांभाळून घ्या. मी गाडीतला एक जुना दांडा आहे. स्टिअरिंगखाली डाव्या बाजूला बसवलेला, हातभर लांब, टोकाला काळा गोळा. ज्यांचे पाय काम करत नाहीत, त्यांनी हाताने गाडी चालवावी म्हणून मला घडवलं. मला पुढे ढकललं की ब्रेक लागतो, खाली दाबलं की गाडी वेग घेते.

माझी मालकीण एका ग्रंथालयात ग्रंथपाल होती. ज्या फिटरने मला केलं, तो तिला म्हणाला, "बाई, डोळे मिटा आणि हात ठेवा बघू." तिचा हात जिथे थांबला, तिथे माझा गोळा यावा म्हणून त्याने मला तीनदा वाकवलं.

अकरा वर्षं आम्ही रोज रस्त्यावर होतो. चाकाची खुर्ची दाराला लावायची, दार पूर्ण उघडायचं, सरकून आत बसायचं आणि खुर्ची मिटून मागे ओढून घ्यायची. एकदा चौकातला पोलीस वाकून बघत म्हणाला, "पायांशिवाय चालवता?"

"पाय आहेत हो," ती म्हणाली, "कामावर येत नाहीत, एवढंच."

मग तिचं मनगट मोडलं. तीन महिने हात प्लास्टरमध्ये होता. त्याच दिवसांत मुलाने स्वतःची गाडी घेतली. शेड लहान. दोन्ही गाड्या मावाव्यात म्हणून त्याने आमची गाडी उजवीकडच्या भिंतीला चिकटवून लावली. तो स्वतः डावीकडून शिरायचा, सरकत सरकत चालकाच्या जागी यायचा आणि रविवारी इंजिन सुरू करून बघायचा. माझ्यावर गुडघा आपटला की पुटपुटायचा.

प्लास्टर निघालं. ती खुर्ची ढकलत शेडमध्ये आली. दार आणि भिंत यांत जेमतेम चार बोटांची फट होती. तिने ती पाहिली आणि परत फिरली.

मला वाटलं, आता ती मुलाला सांगेल. तिने सांगितलं नाही. "आई, गाडी काढायची का?" तो विचारायचा. "बघू रे," ती म्हणायची. आईच्या मनात भीती बसली, असं त्याने ठरवून टाकलं आणि तो विचारायचाही थांबला. तिला कुठे जायचं असलं की ती त्याच्या सवडीची वाट बघत खिडकीशी बसायची. मी भिंतीकडे बघत बसायचो. माझा एकही सांधा तुटला नव्हता, तिचं मनगटही बरं झालं होतं. तरी दोन वर्षं आम्ही दोघं तसूभर हललो नाही. कुणी कुलूप लावलं असतं, तर निदान किल्ली मागता आली असती.

शेवटी गाडी विकायचं ठरलं. घेणारा म्हणाला, "तो दांडा तेवढा काढून टाका." तोच फिटर आला, पाना घेऊन. डावीकडून आत शिरून त्याने उजवं दार ढकललं, ते भिंतीला थडकलं.

"अहो, बाई बसतात कशा मग?"

"आई नाही चालवत आता," मुलगा म्हणाला. "घाबरते."

शेडच्या तोंडाशी तिची खुर्ची थांबली होती. "घाबरत नाही रे. दार उघडत नाही."

तो भिंतीकडे बघतच राहिला. "दोन वर्षं! बोलली का नाहीस?"

"तुझी गाडी कुठे ठेवली असतीस?"

फिटरने पाना पिशवीत टाकला. "आधी गाड्या बाहेर काढा. दांड्याचं नंतर बघू."

मुलाने स्वतःची गाडी रस्त्यावर नेली, आमची शेडच्या मधोमध आणली. ती बसली. तिचा तळवा माझ्यावर आला, तेव्हा मी इतका आखडलो होतो की तिला जोर लावावा लागला. घेणाऱ्याला मुलाने तिथूनच फोन केला: "गाडी द्यायची नाही."

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी शहाणा नाही. एवढीच विनंती करतो: कुणी काही मागत नाही, म्हणजे त्याला ते नकोच आहे असं धरून चालू नका. एकदा त्याच्या बाजूला जाऊन दार किती उघडतं ते बघा.