एमएसएच टू मॅडम आणि माझी उजवी बाजू

सोमवारी पी.टी.च्या तासाला मी भांगापासून खालपर्यंत उभी उकलले आणि माझ्या दोन मुली झाल्या. दुखलं नाही. प्रत्येक अर्ध्या भागानं आपला उरलेला भाग भरून काढला. त्यात अख्खा तास गेला आणि खो-खोत माझा नंबर हुकला, याचाच मला जास्त राग आला.

दुसरी मुलगी हुबेहूब आधीच्या माझ्यासारखी झाली. खाली बघून चालणारी, कोणी हाक मारली की दचकणारी. मम्मीनं तिला लगेच घरात घेतलं. माझी डावी बाजू जुनी राहिली, पण उजवी भरताना कुठेतरी चूक झाली. उजवा हात प्रश्न संपायच्या आत वर जायचा. तोंडाचा उजवा कोपरा खदखदून हसायचा. मंगळवारी मी हुपरीकर मॅडमना फळ्यावरचं त्यांचंच चुकलेलं गणित दाखवलं. बुधवारी कॅन्टीनवाल्याशी भांडून वड्याबरोबरची चटणी पुन्हा सुरू करवली. डावी बाजू नुसती ऐकायची. मला पहिल्यांदाच माझा आवाज नीट ऐकू येत होता, आणि खरं सांगते, तो झकास होता.

शुक्रवारी एमएसएच टू मॅडम आल्या.

"या जनुक आहेत," हुपरीकर मॅडम म्हणाल्या. "डीएनएची प्रत निघाली की त्यातली चूक शोधतात. आपल्या सगळ्यांच्यात असतात. उभ्या राहा."

वर्ग उभा राहिला. त्यांच्याबरोबर एमएसएच सिक्स नावाच्या बाई होत्या, हातात हात घालून. या दोघी एकट्या फिरत नाहीत. सिक्स बाई बोलत नाहीत, त्यांच्याकडे कात्री असते.

दोघींनी हातांचं कडं केलं, माझ्या डोक्यावरून घातलं आणि खाली सरकवायला लागल्या. कपाळ जुळलं. भुवया जुळल्या. नाक जुळलं. तोंडापाशी कडं अडकलं.

"इथे जुळत नाही," एमएसएच टू मॅडम म्हणाल्या.

"मग?"

"मग नवी बाजू कापायची आणि जुनीवरून परत भरायची."

"पण नवी चांगली आहे. कोणालाही विचारा."

"चांगली-वाईट आम्ही बघत नाही. जुळते का तेवढंच बघतो."

मी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या एकदम दप्तरात काहीतरी शोधायला लागल्या. हुपरीकर मॅडमनी मम्मीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काय ते करा मॅडम," मम्मी म्हणाली. मागे कुकर शिट्ट्या देत होता. "फक्त घरी पाठवताना शांत करून पाठवा. दोघी सारख्या असल्या की मलाही बरं."

"मम्मी, मी ऐकतेय."

"आधी नुसती ऐकायचीस. तेच बरं होतं."

मी कपाळावर हात मारला. उजवाच.

"पण नवी कुठली हे तुम्हाला कळणार कसं?" मी विचारलं.

"नव्या बाजूला फटी राहिलेल्या असतात. काही दिवसांनी बुजतात."

होत्या खऱ्या. उजव्या कानामागे एक, कोपराशी एक, डब्याचं झाकण नीट न बसल्यासारख्या. कडं वर काढून सिक्स बाई कात्रीला धार लावायला खिडकीच्या कट्ट्याकडे वळल्या. हात धरलेला असल्यामुळे एमएसएच टू मॅडमना मागोमाग जावं लागलं.

शेजारच्या सानिया मुजावरनं बाकाखालून डिंकाची बाटली सरकवली.

"बुजव पटकन," ती कुजबुजली. "तू गप्प झालीस तर माझ्या बाजूनं भांडणार कोण?"

"एवढ्यासाठीच होय?"

"मग काय, तुझ्या अक्षरासाठी?"

मी दोन्ही फटी डिंकानं भरल्या आणि वरून रुमालानं पुसलं. दोघी परत आल्या. सिक्स बाईंची बोटं माझ्या दोन्ही बाजूंवरून फिरली आणि थांबली.

"फटी कुठे गेल्या?" एमएसएच टू मॅडम म्हणाल्या.

"काय की."

"उजवी नवी आहे, उजवी," हुपरीकर मॅडम वैतागून म्हणाल्या. "आठवडाभर डोकं खाल्लंय तिनं."

"ऐकीव गोष्टीवर आम्ही कापत नाही. फट नसेल तर बाजूला स्वतः सांगावं लागतं." त्या माझ्या तोंडासमोर वाकल्या. "नवी कोण?"

मी उजवा कोपरा घट्ट मिटला. आठवड्यात पहिल्यांदा. मनात म्हटलं, बसा आता विचारत, संध्याकाळपर्यंत विचारा.

तेवढ्यात डावा कोपरा उघडला.

"मी," डावी बाजू म्हणाली. "नवी मी आहे."

आवाज कापरा होता. पहिलीपासून या वर्गात तो कोणी ऐकला नव्हता. सानियानं मान वर केली.

"वेडी आहेस का तू?" मी म्हणाले. "ए, गप."

"तुला विचारलेलं नाही," एमएसएच टू मॅडम मला म्हणाल्या. मग डावीकडे वळल्या. "नक्की?"

"हो."

सिक्स बाई उजवीकडून डावीकडे आल्या. दोघींनी जागा बदलली. मी उजव्या हातानं डावं मनगट पकडलं आणि मागे ओढलं. डाव्या हातानं ते हळूच सोडवून घेतलं, कानावर आलेली बट मागे सारली आणि कात्रीला जागा करून दिली.