कोणाच्याच वावरात नसलेला सापळा

शाळेतले मधुसूदन सर बदली होऊन लोहाऱ्याला गेले आणि जाताना 'आपली पऱ्हाटी' या कपाशीवाल्यांच्या मोबाइलवरच्या गटातून बाहेर पडले. गटाला दुसरा ॲडमिन नव्हता. मग मोबाइलनेच त्रेसष्ट माणसांतून एक नाव उचललं. बेबीताई.

गावाला हे पटलं नाही. आपसूक असं काही या गावात कधी झालं आहे का?

"फवारनीच्या औषधवाल्यानं बसवली तिले," वामनराव पानठेल्यावर म्हणाले. "आता पाहा, सापळ्यात पतंग कसे वाढतेत ते."

आणि पतंग वाढले.

सोमवार : ५
मंगळवार : ९

मागच्या साली गुलाबी बोंडअळीनं शिवार पोखरलं, तेव्हा गावानं ठरवलं होतं की यापुढे कृषी खात्याच्या साहेबाची वाट पाहायची नाही. सापळा आपला, मोजणी आपली, निर्णय आपला. सलग तीन दिवस आठ किंवा जास्त पतंग आले, की सगळ्यांनी एकाच दिवशी फवारायचं. एकट्यानं फवारून उपयोग नाही, शेजारच्या वावरातून पतंग पुन्हा येतात. शिवाराच्या मधोमध वावर बेबीताईचं, म्हणून बोंडअळीच्या पतंगांना गंधानं ओढणारा सापळा तिथं आणि मोजणीही तिच्याकडे.

"नऊ कोनी मोजले?"
"फोटो टाका."
"फोटो त कुठचा बी टाकता येते."
"फवारा खपवाचा असन!"

बेबीताई गटावरची एकेक ओळ वाचत होती. कोणी कोणाला अंगठा दिला, तेही पाहत होती. परवा हसून बोललेली शेजारची विजयमाला आज गप्प का? सापळ्याखाली पुरुषी चपलेचे ठसे कोणाचे?

बुधवारी पंचायतीसमोर सभा बसली. सापळा हलवायचा, एवढ्यावर एकमत झालं. वामनरावांच्या वावरात? त्यांचा साळा औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रात कामाला. देवसिंगच्या? त्याचं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण. असं करत एकेक वावर बाद होत गेलं आणि शेवटी उरली गुरं चरायची ई-क्लासची सरकारी पडीक जमीन.

"ते कोनाचंच नाही," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

"अवो, तिथं पऱ्हाटीच नाही," बेबीताई उठून म्हणाली. "पतंग कायले येतीन?"

"घ्या! आता पतंग बी हिलेच इचारून येतेत," वामनराव म्हणाले. सभा हसली. ठराव मंजूर.

गुरुवार : ०
शुक्रवार : ०

एकेका शून्याला चाळीस-चाळीस अंगठे.

शुक्रवारीच बेबीताईला तिच्या पऱ्हाटीत डोमकळी सापडली. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. उकललं तर आत अळी. तिनं फोटो टाकला.

"मांगच्या सालचा फोटो हाय," गटावर उत्तर आलं.

"आई, सोडून दे ना तो गट," लेक निशिगंधा वैतागली. "काहून डोकं खपवून राह्यली?"

"मी सोडला त म्हनतीन, खरंच होतं."

शनिवारी सकाळी ती वामनरावांच्या धुऱ्यावरून वावराकडे निघाली. पऱ्हाटीच्या ओळींच्या मधे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खताच्या पोत्याआड काहीतरी लोंबत होतं. तिनं पोतं बाजूला केलं. दुसरा सापळा. आणि दोन ओळींपलीकडे उकिडवे बसलेले वामनराव.

"वामनभाऊ, हे काय?"

"काय काय?"

"सापळा."

"कोनाचा? मले त दिसलाच नाही."

तिनं सापळ्याची पिशवी सोडली आणि पतंग तळहातावर घेऊन मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन. तीन. वामनराव उठले, रस्त्याकडे पाहू लागले. सात. आठ.

"दहा," ती म्हणाली.

"त्यातले दोन कालचे हायेत," वामनराव बोलून गेले.



"मंग आज आठ," बेबीताईनं मोबाइल काढला. "अन काल?"

"...नऊ."

"परवा?"

"आठ. पन वावर कोनाचं ते नका लिवू, बेबीताई."

"मंग कोन मानन?"

वामनराव बराच वेळ पोत्याची गाठ बांधत-सोडत राहिले. तीन दिवस भरले होते, आणि तिचं एकटीचं काय, त्यांचंही एकट्याचं फवारून भागणार नव्हतं.

"लिवा माहं," ते म्हणाले. "पन मोजनारा बी मीच लिवा. मोजनीत तुमचं नाव आलं त पुन्हा तेच चालू होईन."

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले तसंच लिहिलं. पाठवण्याआधी वामनरावांनी खिशातून चष्मा काढला आणि तिच्या हातातला मोबाइल घेऊन ते दोनदा वाचून पाहिलं.