दर चौसष्ट सेंटिमीटरला

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच फरशी उलटी बसवली, आणि ती आम्हाला जन्मभर पुरली.

उलटी म्हणजे पालथी नव्हे, फिरलेली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. दक्षिणेकडच्या एका जुन्या शहरात, एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात नक्षीच्या फरश्या बसवायला गेले होते. चार फरश्या मिळून एक फूल व्हायचं, एकेकीवर फुलाचा पाव भाग. सगळी फुलं जुळली. एका फुलाची एक पाकळी मात्र आत बघायची सोडून बाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या लक्षात आलं तोवर सिमेंट धरलं होतं. उचकटायची तर शेजारच्या चार तरी फुटणार, आणि जादा फरशी एकही नव्हती. मुकादमाला दिसलं नाही. घरमालकाला दिसलं नाही. बाबांनी तोंडाला कुलूप लावलं, थापी पिशवीत टाकली, घरी आले, आणि पुढची पंचावन्न वर्षं ते कुलूप आमच्यासमोर उघडत बसले.

चूक का झाली याचं कारण दर वेळी वेगळं. कधी अंगात ताप होता. कधी आभाळ भरून आलं होतं. कधी मुकादम ओरडला होता. आई होती तोवर ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "आणि वरच्या मजल्यावर कोण गात होतं, तेही सांगा की मुलीला."

"गात नव्हती ती. मोठ्याने अभ्यास करत होती."

"बघ गं! नजर खाली होती, कान कुठे होते ते आज कळलं."

आम्ही हसायचो. बाबाही हसायचे, पण अर्धवट. कुणाकडेही गेलं की ते आधी जमिनीकडे बघत, मग माणसांकडे. माझं सासर पहिल्यांदा बघून आले तेव्हा आईने विचारलं, "कशी वाटली माणसं?" तर म्हणाले, "सांधे सरळ आहेत."

मी कापडावरची नक्षी काढते. शिकले कुठेच नाही. मुलांच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर वेलबुट्ट्या काढायची, त्यातलं एक पान ओळखीने छपाईच्या कारखान्यात गेलं आणि त्याच्या मागोमाग मी गेले. त्याला पंधरा वर्षं झाली. कारखान्याचं काम आता मालकांची मुलगी बघते. ती मला काकू म्हणते, मी तिला मॅडम म्हणते. दोघींनाही आपापलं वय सोसतं.

"यंदा पडद्यांची आणि सोफ्याची कापडं करायची," ती म्हणाली. "आठ नक्ष्या, सगळ्या एका जुन्या शहरावर. प्रत्यक्ष जाऊन, बघून काढलेल्या. काकू, कुठे जाल?"

मी शहराचं नाव सांगितलं. एक क्षणही विचार केला नाही. का तेच, ते मात्र सांगितलं नाही.

बाबा तेव्हा वर्षभर अंथरुणाला खिळले होते. खुब्याचं हाड मोडल्याचं निमित्त झालं आणि मग एकेक गोष्ट निघत गेली. डॉक्टर चांगले होते, फक्त पुढच्या वर्षाचा विषय निघाला की ते स्टेथोस्कोप आवरायला लागायचे. माझ्या मनात एवढंच होतं की बाबा आहेत तोवर ती फरशी त्यांच्यासमोर आणायची. ते तिथे जाऊ शकत नव्हते, मग तिलाच इकडे आणू.

आमचे हे सोबत आले. सामान उचलायला म्हणून आले आणि पहिल्याच चढावर त्यांचे गुडघे मलाच उचलावे लागले. शहर मात्र असं, की वही मिटावीशी वाटेना. झिलमिलीच्या खिडक्या, प्रत्येक पट्टीवर रंगाचे पाच-सहा थर, आणि पोपडा निघेल तिथे प्रत्येक थर डोकं वर काढून बसलेला. सज्जांचे लोखंडी कठडे, आणि दुपारी रस्त्यावर पडलेली त्यांची सावली कठड्यांपेक्षा सुंदर. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या भिंती. दगडी पायऱ्या, मध्ये झिजून खोलगट झालेल्या. तीन दिवसांत माझ्या सात नक्ष्या झाल्या. आठवीसाठी चौथ्या दिवशी ते घर शोधलं.

आता तिथे कसलंसं सरकारी कार्यालय होतं. दिवाणखान्यात सहा टेबलं, त्यांच्याखाली बाबांची जमीन. रंग जरा दबलेले, पण फुलं जशीच्या तशी. मी खिडकीपासून ओळी मोजत निघाले. बाबांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की डोळे मिटूनही पोचले असते: खिडकीकडून सातवी ओळ, भिंतीपासून पाचवं फूल. तिथे एक कारकून बसले होते आणि त्यांचे बूट त्या फुलावर होते.

"जरा पाय उचलता का?" मी म्हटलं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. यांनी असा चेहरा केला की जणू मी रस्त्यात भेटलेली बाई आहे.

"काय पडलंय का तुमचं?"

"हो," मी म्हटलं. "वडिलांचं."

त्यांनी पाय उचलले. ती तिथेच होती. पाकळी बाहेर वळलेली, भोवतीचे सांधे सुईसारखे सरळ. मी गुडघ्यांवर बसून तिच्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीने छाप घेतला. पाकळीचं सांगितलं तेव्हा कारकून खाली वाकून बघायला लागले. "बारा वर्षं बसतोय इथे," ते म्हणाले. "कधी दिसलं नाही मला." मग जरा नाराजीने, "आता मात्र रोज दिसणार."

फोटो काढला होता. त्याच संध्याकाळी बाबांना फोनवर दाखवता आला असता. घरी आल्यावर त्यांच्या उशाशी बसून दाखवता आला असता. पण मला समारंभ हवा होता. फोनच्या वीतभर काचेत कसली फरशी बघायची, मी त्यांना अख्खी जमीन उभी करून दाखवणार होते. ते विचारायचे, "कसलं काम चाललंय सध्या?" मी म्हणायचे, "पडदे."

नक्षी काढली. आठ फरश्या आडव्या, आठ उभ्या, प्रत्येक फरशी आठ सेंटिमीटरची. सोळा फुलं. त्यातल्या एकाची एक पाकळी फिरलेली.

पहिला नमुना छापून आला तो टेबलावर पसरला. सगळी फुलं सरळ. मी छपाईच्या शेडमध्ये गेले. आमचे छपाईमास्तर तीस वर्षं रंगात हात घालून बसलेले. त्यांची नखं कुठल्या रंगाची आहेत यावरून आज काय छापलं ते कळतं.

त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमच्याकडून एक फरशी फिरली होती. मी नीट केली. मॅडमना बोललो नाही. कुणालाच बोललो नाही."

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत राहिले, मग रंगाच्या टाकीच्या कडेवर टेकले.

"वडील आहेत का अजून?"

"आहेत."

"मग परत फिरवतो," ते म्हणाले. उठले नाहीत मात्र. "पण बाई, एक बोलू? ही छापायची जाळी गोल असते, रुळासारखी. एक फेरा चौसष्ट सेंटिमीटरचा. तुमच्या वडलांची फरशी एकदा फिरलीय. माझी दर फेऱ्याला फिरेल. दर चौसष्ट सेंटिमीटरला, आणि कापडाच्या रुंदीत दोनदा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं मी दुसरं काय करतेय? वेलीचं खालचं टोक वरच्या टोकाला जुळवायचं, की कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं ते कळू नये, यावर तर माझं पोट. पण त्या एका फरशीच्या बाबतीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती माझ्या मनात एकटीच होती.

"नक्षी परत न येता लांबच लांब छापता नाही येणार?"

"ते यंत्र वेगळं. आपल्याकडे नाही."

म्हणजे दोनच वाटा होत्या. फरशी सरळ करायची, मग त्यात बाबा नाहीत. किंवा फिरलेली ठेवायची, मग ती एक नाही. मी दोन दिवस नमुना घडी घालून पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी मास्तरांना सांगितलं, फिरवा. बाबांना दिसली म्हणजे झालं, असं मी स्वतःला समजावलं. ते काय मोजत बसणारेत?

कोणाची मुलगी आहे मी, आणि हे मला सुचावं.

आठांपैकी मॅडमना तीच सगळ्यात आवडली. "काकू, ही वळलेली पाकळी काय गोड आहे! सरळ असती तर साधी जमीन वाटली असती. हीच जास्त छापू." चार हजार मीटर छापलं. बाकीच्या सात नक्ष्यांचं मिळून तेवढं नाही.

मी बाबांच्या खिडकीसाठी एक पडदा शिवला, छतापासून जमिनीपर्यंत. चुण्या घातल्या नाहीत. सपाट लावला, म्हणजे सगळी नक्षी दिसेल. रविवारी सकाळी यांनी स्टुलावर चढून दांडी अडकवली. बाबांच्या पाठीशी उशा लावल्या, चष्मा पुसून दिला, आणि मी पडदा सोडला.

ते पडदा बघायला लागले. नजर डावीकडून उजवीकडे, ओळीने, जसं ते कुठलीही जमीन बघायचे तसं. मग थांबली. त्यांचा हात पांघरुणावरून उचलला गेला.

"तू गेली होतीस?"

"हो बाबा."

"आहे ती अजून?"

"तुम्ही सांगितलंत तिथेच. सातवी ओळ, पाचवं फूल. सांधे अजून सरळ आहेत."

ते हसले. पूर्ण हसणं, आईच्या वेळचं अर्धवट नव्हे. मी तेवढ्यावरच पडदा गुंडाळून उठून जायला हवं होतं. पण त्यांची नजर पुन्हा चालायला लागली होती. एक ओळ खाली. अजून एक. थांबली. मग पुढे. थांबली.

"ही पण," ते म्हणाले.

मी पडद्याची कड उगाच सारखी केली.

"ही पण. ही." बोट हवेत उतरत गेलं. "आठ."

"बाबा, ते छपाईत तसं येतं. जाळी गोल असते ना—"

"मी एकदाच चुकलो होतो गं," ते म्हणाले.

तक्रार नव्हती आवाजात. एखाद्या अनोळखी माणसाला आपण समजावतो ना, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय म्हणून, तसा आवाज होता. आमचे हे स्टुलावरच उभे राहिले होते. उतरावं की नाही ते त्यांना कळेना.

मी कात्री आणली. उरलेल्या कापडातून एकच फेरा कापला, चौसष्ट बाय चौसष्ट. सोळा फुलं, एक पाकळी. तिथेच बसून कडा दुमडून शिवल्या. घाईत टाके वाकडे आले. तो तुकडा त्यांच्या मांडीवर पसरला. मांडीच झाकली त्याने फक्त.

बाबांनी तो हातांनी सरळ केला. सगळ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"हं. ही बरोबर."

मला वाटलं, निभावलं.

"बाकीचं कुठाय?"

"गेलं बाबा."

"कुठे?"

"दुकानांत. लोकांकडे."

"किती?"

खोटं बोलता आलं असतं. पण मोजमापात त्यांच्याशी खोटं बोलायची आम्हा कुणाला सवय नव्हती. "चार हजार मीटर."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. हिशोब चालला होता. मध्येच सोडून दिला.

"काढून नाही घेता येणार?"

"नाही बाबा."

"नाहीच येत," ते म्हणाले. "एकदा धरलं की नाही येत." आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जणू चूक माझी आणि माफ त्यांनी करायचं. तसंच होतं ते.

"कुणाला कळणार नाही हो," मी म्हटलं. "तिथे कारकुनाला बारा वर्षं कळलं नव्हतं. आणि लोकांना आवडतंय. त्यांना वाटतं, ते असंच असतं."

"तेच तर," बाबा म्हणाले, आणि मान भिंतीकडे वळवली.

थोड्या वेळाने मी विचारलं, पडदा काढू का? यांनी दांडी खाली घेतली. खिडकीतून ऊन सरळ बाबांच्या तोंडावर आलं. मी जुना पडदा शोधायला निघाले तर म्हणाले, "राहू दे. ऊन चालेल मला."

डोळे मिटलेलेच होते. मांडीवरच्या तुकड्यावर त्यांचं बोट मात्र बरोबर त्या पाकळीवर होतं आणि नखाने तिचा कोपरा हळूहळू सरकवत होतं, आत, फुलाकडे. कापडाला चुणी पडायची. बोट उचललं की पुन्हा सपाट.

मी पडदा हातांवर घेऊन उभी राहिले. घडी घालायची होती, पण कुठूनही घातली तरी वरती तीच पाकळी यायची.