दाराकडचा पट्टा

धाकटीने लग्न झाल्यापासून एकच टिमकी वाजवली होती: राजधानीतल्या सभागृहाची अख्खी फरशी आमच्या ह्यांनी बसवली. 'अख्खी' हा शब्द तिने स्वतःच्या पदरचा घातला होता. नवरा कधी हो म्हणाला नाही, की नाही म्हणाला नाही. फरशीकामात गुडघे झिजवलेला तो माणूस, बोलण्यात मुळातच कंजूष.

आणि आज सहलीची बस त्याच सभागृहापुढे उभी होती, शेजारच्या सीटवर थोरली जाऊ, मागच्या सीटवर नवरा. थोरली म्हणजे जिला जन्मात कुणाचं कौतुक पचलं नाही. "चल, बघू तरी तुझी अख्खी फरशी," म्हणत ती सगळ्यांच्या आधी उतरली. धाकटी रेंगाळत सगळ्यात शेवटी उतरली. इतक्या वर्षांची फुशारकी वीस मिनिटांत निकालात निघणार होती. गाइडने वेळच तेवढा दिला होता.

आत गाइडने घुमटाची उंची सांगितली, झुंबराचं वजन सांगितलं. फरशीबद्दल चकार शब्द नाही. थोरलीने मोका साधला. "काय हो भाऊजी, ही सगळी तुम्ही बसवलीत ना?"

"छे हो वहिनी," तो म्हणाला. "तीस-चाळीस कारागीर होतो आम्ही. माझा एवढाच पट्टा, दारापासून त्या खांबापर्यंत."

झालं, भर गर्दीत अब्रूचं खोबरं. थोरली गालातल्या गालात हसली. ह्या माणसाला वाचा फुटायला आजचाच मुहूर्त सापडला, असं वाटून धाकटीला रडू यायचं बाकी राहिलं.

तो मात्र खाली बसून फरशीवरून तळवा फिरवत होता. पलीकडे फरशी पुसणारी बाई थांबली. "काका, काही हरवलं का?"

"नाही, ढाळ बघतोय. पावसात लोक ओल्या पायांनी आत येणार, म्हणून इथे दाराकडे जरासा उतार काढला होता. नकाशात नव्हता तो. मुकादमाला कळलं असतं तर उखडायला लावलं असतं."

बाई बघतच राहिली. "ते तुम्ही केलंय? अकरा वर्षं पुसतेय मी इथे. बाकी सगळीकडे पाणी साचतं, दोन-दोनदा कोरडं करावं लागतं. एवढ्या पट्ट्यावरचं आपणहून बाहेर जातं. बसवणाऱ्याला रोज दुवा देते मी."

तिने बादलीतलं फडकं तिथेच पिळलं. पाणी थोरलीच्या चपलेला वळसा घालून शहाण्यासारखं दाराकडे निघालं. गाइडसुद्धा वाकून बघू लागला.

उरलेल्या सभागृहाशी धाकटीला काही देणंघेणं राहिलं नाही. घुमट ज्याचा असेल त्याचा असो. ती त्या पट्ट्यावर नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"ऐकलंत ना जाऊबाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी आजवर थापा मारल्या. ह्यांची एवढीच आहे."